रोमचा आठवडा

रोमचा कार्यक्रम आखायला घेतला की मी आधी कागदावर सात उभे रकाने काढते, रविवार ते शनिवार. कोलोसियम, व्हॅटिकन, पँथिऑन ही नावं त्यात नंतर पडतात. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना याचं नवल वाटतं. त्यांची पद्धत उलटी असते: आधी बघायच्या ठिकाणांची यादी करायची आणि मग ती हाताशी असलेल्या दिवसांवर वाटून टाकायची. पुष्कळ शहरांच्या बाबतीत ते चालूनही जातं. रोमच्या बाबतीत चालत नाही, कारण रोमला स्वतःचा आठवडा आहे. कुठल्या वारी कुठलं दार उघडतं, कुठल्या वारी कुठल्या चौकात माणसं लोटतात, दुपारी किती वाजता चर्चना कुलूप लागतं, हे सगळं तिथल्या लोकांच्या जगण्याने ठरवलेलं आहे. तिथे प्रार्थना चालतात, कचेऱ्या चालतात, संप होतात, लग्नं लागतात. आपला ग्रुप मुंबईहून आलाय म्हणून त्यातलं काही पुढेमागे होत नाही.

पुण्यातल्या एका पर्यटन कंपनीत युरोपचे कार्यक्रम आखणं हे माझं काम. विक्रीवाले लोकांशी बोलतात, टूर मॅनेजर ग्रुपबरोबर जातात, आणि मधलं सगळं आमच्या टेबलावर असतं. कुठल्या रात्री कुठलं हॉटेल, बस किती वाजता सुटणार, तिकिटांचे स्लॉट, लोकल गाइड, जेवणं, रूमिंग लिस्ट. ग्रुप रोममध्ये असताना आमचा फोन उशाशी असतो. या कामाला वरवर पाहणारे लोक वेळापत्रक म्हणतात. मला मात्र ते वेळापत्रकापेक्षा फार मोठं वाटतं, कारण ज्या माणसांचे दिवस मी आखते त्यांतल्या बहुतेकांसाठी हा रोमचा पहिला आणि शेवटचा प्रवास असतो. साठी ओलांडलेले काका-काकू, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेले सर, मुलाने वाढदिवसाला तिकीट काढून दिलेली एखादी आई. त्यांना पुन्हा येऊन राहिलेलं बघता येणार नसतं. म्हणून कुठला दिवस कशावर खर्च करायचा याची जबाबदारी मला जड वाटते, आणि तशी ती वाटायलाच हवी.

तर रकाने. रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद असतं. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते सकाळपासून दुपारी दोनपर्यंत उघडतं, आणि तेव्हा प्रवेश फुकट असतो. फुकट हा शब्द ऐकून विक्रीच्या माणसांचे डोळे चमकतात. पण त्या सकाळी सबंध रोम आणि निम्मी इटली रांगेत उभी असते, आणि पासष्टीच्या माणसाला तिथे दोन तास उभं करून वाचवलेले पैसे कुणाच्याच कामी येत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम आणि सरकारी म्युझियमं फुकट असतात. त्या दिवशीही मी त्यांच्या वाटेला जात नाही. मग रविवारी करायचं काय? रविवारी चालायचं. कोलोसियमपासून व्हेनिस चौकापर्यंत जाणारा, दोन्ही बाजूंना सम्राटांच्या फोरमचे अवशेष असलेला रुंद रस्ता त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. घरातली माणसं मुलांना आणि सायकली घेऊन उतरतात, कुणी वाद्यं वाजवत असतं. एरवी जिथे फुटपाथवरून अंग चोरून जावं लागतं, तिथे रस्त्याच्या मधोमध उभं राहून ट्राजनचा विजयस्तंभ निवांत बघता येतो. दुपारी बाराला सेंट पीटर चौकात पोप खिडकीत येऊन प्रार्थना म्हणतात आणि आशीर्वाद देतात. त्याला तिकीट नसतं, फक्त सुरक्षा तपासणीसाठी लवकर पोचावं लागतं.

सोमवारी बोर्गेझे गॅलरी बंद, राष्ट्रीय रोमन म्युझियम बंद. साहजिकच सोमवारी सगळी गर्दी व्हॅटिकन म्युझियमकडे वळते, शिवाय आदल्या दिवशी ते बंद असल्याने तुंबलेले लोकही त्यात असतात. कॅपिटोलाइन टेकडीवरचं म्युझियम मात्र आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं, म्हणून माझ्या कागदावर सोमवारचं पहिलं नाव तेच. मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा मूळ ब्राँझ पुतळा तिथे आत आहे. बाहेर चौकात उभी आहे ती प्रतिकृती. आणि तो चौक मायकेलअँजेलोने आखलेला.

बुधवार हा सगळ्यांत अवघड रकाना. बुधवारी सकाळी पोप भाविकांना भेटतात. हवा बरी असली की ही भेट सेंट पीटर चौकातच होते, हजारो खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि ती संपेपर्यंत सेंट पीटर बॅसिलिका पर्यटकांना बंद असते. आषाढी एकादशीला पंढरपूरचं देऊळ निवांत बघायला म्हणून कुणी जात नाही, तसाच हा प्रकार. ज्याला वारी अनुभवायची आहे त्याने त्याच दिवशी जावं, ज्याला मूर्ती आणि खांब न्याहाळायचे आहेत त्याने दुसरा दिवस धरावा. म्हणून मी ग्रुपची यादी हातात आली की आधी विचारते, यात भाविक किती? वसईचे, गोव्याचे लोक असतील तर बुधवार व्हॅटिकनचाच. बाकीच्यांसाठी बुधवारी आम्ही व्हॅटिकनकडे न जाता नदीच्या अलीकडेच राहतो.

गोव्याच्या मंडळींसाठी मी कार्यक्रमात आणखी एक ठिकाण घालते, जे नेहमीच्या ग्रुपच्या कार्यक्रमात नसतं. व्हेनिस चौकापासून पाच मिनिटांवर जेझुइटांचं मुख्य चर्च आहे, जेझू. संत फ्रान्सिस झेवियरचं शरीर जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या उजव्या हाताचा भाग १६१४ साली वेगळा करून रोमला आणला गेला, आणि तो या चर्चमध्ये त्यांच्या नावाच्या वेदीवर ठेवलेला आहे, हे अनेकांना तिथे गेल्यावरच कळतं. समोरच्या बाजूला इग्नेशियस लोयोलाची समाधी. घरात लहानपणापासून ज्या संताची तसबीर पाहिली, त्याचा हात इतक्या दूरच्या शहरात समोर दिसतो तेव्हा माणसं गुडघे टेकतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. त्या थांब्यासाठी मी घड्याळ लावत नाही. टूर मॅनेजरला तशी लेखी सूचना असते.

शुक्रवारच्या रकान्यात मी पेन्सिलीने लिहिते. इटलीत वाहतुकीचे संप बरेचदा शुक्रवारी असतात. ते आधी जाहीर होतात, सरकारी खात्याच्या यादीत तारखा सापडतात, आणि रोममध्ये संपाच्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ बस-मेट्रो चालतात. एवढं माहीत असलं की घाबरायचं कारण उरत नाही. त्या दिवशी हॉटेलपासून चालत जाता येईल तेवढंच धरायचं. रागावण्यात अर्थ नसतो, असं मी लोकांना निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये सांगते. ती माणसं आपल्या पगारासाठी भांडताहेत, आणि आपल्याला चालायला पाय आहेत.

आठवड्यासारखंच रोमचं वर्षही बघावं लागतं. आपल्याकडून लोक निघतात ते मुख्यतः तीन वेळा: मेच्या सुट्टीत, १५ ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्टीत आणि दिवाळीत. तिन्ही वेळी रोम वेगळं असतं. १५ ऑगस्ट ही इटलीतही मोठी सुट्टी. तिची मुळं थेट सम्राट ऑगस्टसने सुरू केलेल्या उत्सवापर्यंत जातात. त्या सुमारास रोमची माणसं समुद्रावर निघून जातात, घरगुती खानावळी आणि लहान दुकानं पाट्या लावून बंद असतात, आणि ऊन असं की फोरममध्ये अकरानंतर उभं राहवत नाही. दिवाळीत हवा छान, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आणि त्यानंतर कोलोसियमचं दार दुपारी साडेचारलाच बंद होतं, शेवटचा प्रवेश साडेतीनला. जूनमध्ये रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो, नोव्हेंबरात पाचच्या सुमारास दिवे लागतात. जूनचा कार्यक्रम जसाच्या तसा दिवाळीला चालवला तर निम्मं शहर अंधारात दिसेल. २ जूनला इटलीचा प्रजासत्ताक दिन. त्या सकाळी कोलोसियमसमोरच्या रस्त्यावर लष्करी संचलन असतं आणि तिकडे फिरकता येत नाही. २९ जूनला संत पीटर आणि पॉल यांचा सण, रोमची स्थानिक सुट्टी, व्हॅटिकन म्युझियम बंद. या तारखा माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनने लिहिलेल्या असतात, आपल्या चतुर्थ्या-एकादश्यांच्या शेजारी.

एवढं सगळं आखूनही एखादा दिवस असा येतो की कॅलेंडर हातात राहत नाही. २०२५ साली तो आला. ते रोमचं पवित्र वर्ष होतं. दर २५ वर्षांनी येणारं हे वर्ष, बॅसिलिकांची एरवी बंद असणारी पवित्र दारं उघडलेली, जगभरातून भाविक. गर्दी धरूनच आम्ही कार्यक्रम केले होते. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस गेले. २१ एप्रिल म्हणजे रोमचा परंपरेने मानलेला वाढदिवस. २६ तारखेला अंत्यविधी झाला, आणि २८ तारखेपासून नव्या पोपच्या निवडीसाठी सिस्टिन चॅपल लोकांसाठी बंद झालं. आमचा एक ग्रुप नेमका त्यानंतरच्या दिवसांत रोममध्ये उतरणार होता.

सिस्टिन चॅपल बंद आहे हे मुंबईतून निघायला दोन-चार दिवस असताना लोकांना सांगायचं होतं. लोकांचं दुःख मला समजत होतं. शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं ते चित्र, देवाचं आणि आदमचं बोट, ते बघायला म्हणून काही जण निघालेले. ऑफिसात सूचना आली की व्हॅटिकन म्युझियमच काढून टाकू आणि त्या दिवशी एखाद्या जवळच्या गावाला नेऊ. मला ते पटलं नाही. म्युझियम उघडं होतं. राफाएलने रंगवलेली दालनं उघडी होती, त्यांतलं स्कूल ऑफ अथेन्स हे चित्र, ज्यात प्लेटो आणि ॲरिस्टॉटल बोलत बोलत पायऱ्यांकडे येतात, ते मायकेलअँजेलो शेजारी छत रंगवत होता त्याच काळातलं. आणि मायकेलअँजेलो काय फक्त त्या एका छतावर आहे का?

त्या रात्री बसून मी एक वेगळाच दिवस आखला. सकाळी टर्मिनी स्टेशनसमोरचं सांता मारिया देल्यी आंजेली. डायोक्लेशनच्या प्रचंड स्नानगृहाच्या उभ्या भिंती आणि कमानी तशाच ठेवून मायकेलअँजेलोने म्हातारपणी त्याचं चर्च केलं. त्याच चर्चच्या फरशीवर १७०२ साली आखलेली मध्यान्हरेषा आहे. भिंतीतल्या छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा खऱ्या माध्यान्ही त्या रेषेवर येतो. तिथून सांता मारिया माज्जोरे पायी जाण्यासारखं. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या इच्छेनुसार व्हॅटिकनबाहेर, याच चर्चमध्ये चिरविश्रांती घेतली आहे. साध्या दगडावर फक्त त्यांचं लॅटिन नाव. रांग लांब होती, पण ग्रुपमधल्या कुणाचीच तक्रार आली नाही. मग सान पिएत्रो इन विंकोली, तिथे पोप ज्युलियसच्या समाधीवरचा मायकेलअँजेलोचा मोझेस. हे चर्च दुपारी साडेबाराला बंद होतं आणि तीनला उघडतं, त्यामुळे क्रम नीट लावावा लागला. संध्याकाळी कॅपिटोलाइनचा चौक. दुसऱ्या दिवशी सेंट पीटर बॅसिलिकेत पिएता, जी त्याने पंचविशीच्या आत घडवली, आणि डोक्यावर तो घुमट, ज्याचं काम त्याने सत्तरी ओलांडल्यावर हाती घेतलं आणि पुरं झालेलं पाहिलं नाही. एका माणसाचं सबंध आयुष्य दोन दिवसांत चालत चालत बघून झालं.

८ मेला पांढरा धूर निघाला, लिओ चौदावे निवडले गेले, आणि लवकरच चॅपल पुन्हा उघडलं. पण तो आखलेला दिवस मी ठेवून दिला. आता सिस्टिन चॅपल उघडं असतानाही, ज्यांच्याकडे एक दिवस जास्त आहे त्यांना मी तो देते. त्यात मोझेस पाहण्याला एक पैसा लागत नाही. कारावाज्जोची चित्रं बघायलाही लागत नाही: सान लुईजी देई फ्रांचेसीत तीन, सांता मारिया देल पोपोलोत दोन, सांत आगोस्तिनोत एक. अंधारलेल्या कोनाड्यात टांगलेली, ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर. काही ठिकाणी पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. म्हणून माझ्या सूचनापत्रात पासपोर्ट आणि औषधांच्या बरोबरीने सुटी नाणी लिहिलेली असतात.

कागदपत्रांचं मी थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं असलं तरी त्यावर सगळं उभं असतं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि तो लवकर करावा. विमा किमान तीस हजार युरोचा लागतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे तुम्ही सर्वाधिक रात्री कुठे राहता त्यावर ठरतं, म्हणजे रोमची एक रात्र वाढवली-घटवली तर कधीकधी वकिलातच बदलते. हे गिऱ्हाइकांना माहीत नसतं आणि ते ऐनवेळी म्हणतात, मॅडम, पॅरिसला एक दिवस वाढवा ना. दुसरं नावांचं. २०२३च्या ऑक्टोबरपासून कोलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून पाहतात. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, कुणाच्या नवऱ्याचं, कुणाच्या आडनावाची जागाच रिकामी. घरी सगळे मंदाकाकू म्हणतात आणि पासपोर्टवर लग्नाआधीचं नाव. प्रत्येक नाव पासपोर्टच्या फोटोवरून मी स्वतः उतरवते, फोनवर सांगितलेलं नाव कधीच धरत नाही.

पायांचं मात्र सविस्तर बोलायला हवं. टुरिस्ट बसला रोमच्या जुन्या भागात शिरायला मनाई आहे, बाहेरच्या भागातही परवाना काढून ठरलेल्या जागीच थांबता येतं. बसचालकाच्या कामाचे तास युरोपीय कायद्याने बांधलेले: साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, आणि दोन दिवसांच्या मधे साधारण अकरा तासांची सुटी. हा कायदा चांगला आहे. चालक ताजातवाना असला तर आपली माणसं सुखरूप राहतात. पण त्याचा अर्थ असा की सकाळी सातला निघून रात्री अकराला परतायचं, असा दिवस आखताच येत नाही. आणि आत चालायचं ते काळ्या बेसाल्टच्या चौकोनी दगडांवर, ज्यांच्या फटीत चप्पल अडकते. फोरममधला पवित्र मार्ग तर मूळ रोमन दगडांचा, उंचसखल. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी मी पॅलेटाइन टेकडीची चढण काढून टाकते आणि तो वेळ कोलोसियमच्या वरच्या मजल्यावर देते, जिथे लिफ्टने जाता येतं.

पाण्याची एक सोय रोममध्ये आहे तशी फार थोड्या राजधान्यांत असेल. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळखांब आहेत, नाकासारखी वळलेली तोटी असलेले. १८७४ पासून नगरपालिकेने ते बसवले, आज दोन हजारांहून जास्त आहेत, आणि त्यांतून चोवीस तास थंड, पिण्याचं पाणी वाहतं. इतकं पाणी या शहराला पूर्वीपासून लाभलेलं आहे. रोमन सेनानी अग्रिप्पाने ख्रिस्तपूर्व १९ मध्ये बांधलेल्या आक्वा विर्गो या जलमार्गावरच आजचं ट्रेवी कारंजं चालतं. आमच्या लोकांना बाहेरच्या नळाचं पाणी प्यायची भीती असते, आणि ती समजण्यासारखी आहे. म्हणून टूर मॅनेजरने पहिल्या नळावर स्वतः आधी पाणी प्यावं, असा आमचा नियम आहे. मग बाटल्या आपोआप पुढे येतात.

जेवणाची चिंता विक्रीवाले भारतीय रेस्टॉरंट नोंदवून मिटवतात. मी दोन वेळा तेच ठेवते, पण बाकीच्या वेळी लोकांना रोमचं खाऊ द्यावं असं माझं मत आहे, आणि त्यासाठी आधी तपासणी करावी लागते. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं दिसतं, पण ते मांसाच्या स्टॉकमध्ये केलेलं असू शकतं. पेकोरीनो आणि पार्मिजान ही चीज करताना वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात, ते कट्टर शाकाहारी माणसाला चालत नाही आणि त्याला हे आधी सांगणं आमचं कर्तव्य आहे. खाल्ल्यानंतर कळलं तर त्याचा सगळा प्रवास नासतो. जैन मंडळींसाठी लसूण-बटाट्याचं वेगळं लिहून द्यावं लागतं, इटालियन भाषेत, मोठ्या अक्षरात. ज्यांना चीज चालतं त्यांना मी काचो ए पेपे घ्यायला सांगते. रोमचा हा सगळ्यांत साधा पदार्थ: पास्ता, पेकोरीनो आणि भरपूर मिरी.

त्या मिरीवरून मी ग्रुपला एक गोष्ट नेहमी लिहून देते. फोरममध्ये मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकेच्या प्रचंड कमानी उभ्या आहेत. त्यांच्याखाली त्याआधी सम्राट डोमिशियनने बांधलेली मसाल्यांची वखार होती, मिरीच्या नावानेच ओळखली जाणारी. ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून यायची. त्याच समुद्री व्यापाराच्या एका प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, आपलं कल्याण आहे, सोपारा आहे, पैठण आहे, तेर आहे. रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती की हिंदुस्थान दर वर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आजही टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. कोल्हापूरचे कितीतरी लोक कोलोसियम पाहून आलेत आणि घराजवळची ती मूर्ती त्यांनी पाहिलेली नाही. निघण्याआधी ती पाहून या, असं मी त्यांना कळकळीने सांगते. मग फोरममध्ये उभं राहिल्यावर त्या विटांच्या ढिगाशी आपलं काहीएक नातं आहे, हे समजावून सांगावं लागत नाही.

एक जागा मी कुठल्याही ग्रुपच्या कार्यक्रमातून काढू देत नाही: सान क्लेमेंते. कोलोसियमपासून दहा मिनिटांवर. वर बाराव्या शतकातलं चर्च, सोनेरी मोझेइकचं. जिना उतरला की खाली चौथ्या शतकातलं चर्च. आणखी उतरलं की पहिल्या शतकातल्या रोमन इमारती, अरुंद गल्ली आणि मिथ्र देवाचं मंदिर. १८५७ साली जोसेफ मलूली नावाच्या आयरिश धर्मगुरूने वरच्या चर्चखाली खणायला सुरुवात केली म्हणून हे सगळं हाती लागलं. तळाशी भिंतीपलीकडे पाणी वाहतं त्याचा आवाज येतो. रोममध्ये मेट्रोची कामं इतकी रखडतात ती का, हे तिथे उतरल्यावर कळतं. सान जोव्हान्नी स्टेशनवर तर खणताना सापडलेल्या वस्तू काचेत मांडून ठेवल्या आहेत, आणि भिंतीवर खोली लिहिलेली आहे, आपण किती मीटर खाली आलो आणि कुठल्या शतकात आहोत ते. मेट्रोच्या तिकिटात एवढं पाहायला मिळतं, तेव्हा वाट वाकडी करून जावं.

राहता राहिला रात्रींचा प्रश्न, आणि त्यावर ऑफिसात दर हंगामात खडाजंगी होते. बाजारात विकले जाणारे बहुतेक कार्यक्रम रोमला दोन रात्री देतात. एका दिवसात व्हॅटिकन, कोलोसियम बाहेरून, ट्रेवीत नाणं, आणि दुसऱ्या सकाळी फ्लॉरेन्सकडे. जाहिरातीत देशांची संख्या मोठी दिसते, म्हणून ते खपतं, हे मला कळतं. पण दोन रात्रींत आठवड्याचे फक्त दोन रकाने हाती येतात. ते रविवार-सोमवार निघाले तर एका दिवशी व्हॅटिकन म्युझियमचं दार बंद आणि दुसऱ्या दिवशी तिथे तुफान गर्दी. मंगळवार-बुधवार निघाले तर बॅसिलिका अर्धा दिवस गेली. चार रात्री असतील तर एखादं दार बंद निघालं तरी त्याची भरपाई करता येते, दुपारी दोन तास हॉटेलवर पाठ टेकता येते, आणि बोर्गेझेचा दोन तासांचा ठरीव स्लॉट धावपळ न करता गाठता येतो. तिथे बर्निनीची दाफ्ने अपोलोच्या हाताखालून झाड होत जाते, तिच्या बोटांना पानं फुटताना दिसतात. त्या एका पुतळ्याभोवती सावकाश एक फेरी मारायलाच वीस मिनिटं हवीत.

शिवाय चौथ्या दिवसाची दुपार मी पूर्ण मोकळी ठेवते. बस नाही, गाइड नाही, झेंडा धरून पुढे चालणारं कुणी नाही. सुरुवातीला लोक विचारतात, यात काय काय आहे? मी त्यांना हॉटेलच्या आसपासचा नकाशा देते, त्यावर तीन चर्च, एक बाग, एक कॉफीचं दुकान आणि दोन नळ दाखवलेले असतात. परत आल्यावर फोन करतात तेव्हा बहुतेकांना त्या दुपारबद्दलच बोलायचं असतं. एका काकांनी ती सबंध दुपार पँथिऑनमध्ये घालवली. सिव्हिल इंजिनिअर होते ते. ४३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची एक सळई नाही, आणि माथ्यावर नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस आला, तो त्यातून सरळ फरशीवर पडला आणि फरशीतल्या छोट्या छिद्रांतून वाहून गेला, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

येत्या दिवाळीचा कार्यक्रम सध्या टेबलावर आहे. विक्रीकडून निरोप आलाय की रोमच्या चारांतली एक रात्र काढून स्वित्झर्लंडला द्या. मी उत्तरात सात रकान्यांचा कागद जोडला आहे. त्या आठवड्यात १ नोव्हेंबरची सुट्टी येते, कोलोसियम साडेचारला बंद होतं, आणि ग्रुपमध्ये सत्तरीच्या पुढचे पुष्कळ जण आहेत. रात्र कमी करायची असेल तर ती दुसरीकडून करा, रोमची मी देणार नाही, असं त्याखाली लिहिलं आहे.